नाण्याचा नाद आणि लपलेले पाणी

पूर्वी पेढीवर चांदीचा रुपया घेताना तो दगडावर वाजवून पाहण्याची रीत होती. नाद खणखणीत आला तर नाणे खरे, बद्द आला तर खोटे. विमानांच्या हँगरमध्ये ही रीत आजही टिकून आहे. मात्र तेथे पारख नाण्याची नव्हे, विमानाची होते.

विमानाचे सुकाणू, पंखांच्या झडपा असे भाग हलके राहावेत म्हणून पुष्कळदा दोन पातळ आवरणांमध्ये, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा षट्कोनी घरांचा गाभा चिकटवून बनवितात. कडेचे सील झिजले किंवा आवरणास बारीक चीर गेली, की आत पाणी शिरते. दहा किलोमीटर उंचीवर तापमान सुमारे उणे 50 अंश सेल्सिअस असते. तेथे पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगते, खाली उतरल्यावर वितळते. उड्डाणागणिक हे घडत राहते आणि गाभ्याच्या भिंती व चिकटवण दुबळी होत जाते. बाहेरचा रंग मात्र तसाच तकतकीत दिसतो.

आवरण जेथे सुटले असेल तेथे नाण्याच्या टिचकीला बद्द आवाज येतो. परंतु हा आवाज झालेले नुकसान सांगतो. आवरण अजून घट्ट असेल, तर आतील पाण्याचा पत्ता तो देईलच असे नाही. म्हणून विमान उतरताच उष्णतादर्शक कॅमेऱ्याने पाहणी करतात. सभोवतालचा भाग तापू लागला तरी बर्फाची जागा थंडच राहते आणि डाग उमटतो. उशीर झाला, की तो पुसट होतो. क्ष-किरणांतही पाणी दिसते. पण कधी जास्तीची राळही पाण्यासारखीच भासते.

कॅनडाच्या सीएफ-18 लढाऊ विमानांच्या सुकाणूंसाठी किंग्स्टन येथील रॉयल मिलिटरी कॉलेजने आपल्या छोट्या अणुभट्टीतील न्यूट्रॉन वापरले. न्यूट्रॉन ॲल्युमिनियममधून सहज पार होतात, पाण्यातील हायड्रोजनपाशी मात्र अडतात. त्यामुळे थोडे पाणीही चित्रात उमटते.

ही दक्षता दुरुस्तीपूर्वीही तितकीच आवश्यक आहे. राळ पक्की करण्यासाठी पॅनेल पुष्कळदा शंभर अंशांहून अधिक तापवावे लागते. आत पाणी उरले असेल, तर त्याची वाफ होऊन आवरणच उचलले जाते. म्हणून प्रथम पाणी शोधावे, पूर्ण सुकवावे, पुन्हा तपासावे आणि ते शिरले ती वाट बुजवावी. यातील एक पायरी गाळली, तरी खर्च होतो आणि दोष जागेवरच राहतो.