डायपर ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग

अर्धांगवायू झालेल्या रुग्णाला घरी सोडताना गोळ्या लिहून दिल्या जातात, व्यायाम सांगितला जातो. पण लघवी-शौचावर ताबा नसेल, तर घरी स्वच्छता कशी राखायची, याचा उल्लेख क्वचितच असतो. गरीब घराची ओढाताण तिथूनच सुरू होते.

प्रौढांचा एक डायपर साधारण ३० ते ५० रुपयांना पडतो. दिवसाला तीन धरले, तर महिन्याचा खर्च २७०० ते ४५०० रुपये. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसे त्याला पुरत नाहीत. महात्मा फुले योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. घरच्या डायपरचा खर्च त्यात बसत नाही.

मग काटकसर होते. एकच डायपर दिवसभर ठेवला जातो. लघवी आणि शौचाच्या ओलाव्याने कातडी सोलवटते, त्यावर बुरशी वाढते आणि दाब पडणाऱ्या जागी जखमा व्हायला वेळ लागत नाही. काही घरांत आजी-आजोबांचे पाणीच कमी केले जाते. त्यातून बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग आणि कधी भ्रमही होतो. वाचवलेले पैसे शेवटी ड्रेसिंग आणि प्रतिजैविकांवर जातात.

दिवसा डायपरऐवजी जुन्या सुती साडीच्या घड्या आणि खाली मेणकापड चालते. घड्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. दर दोन तासांनी बेडपॅन द्यावे आणि कूस बदलावी. दर वेळी कातडी पाण्याने पुसून, कोरडी करून व्हॅसलीनचा पातळ थर लावावा. डायपर रात्रीसाठी राखावा. केवळ सोयीसाठी लघवीची नळी ठेवू नये. ती संसर्गाला वाट देते.

मात्र हे सारे करायला घरात दिवसभर माणूस लागतो. मजुरीला जाणाऱ्या सुनेला वा मुलीला तो सल्ला पुरणार नाही. म्हणून व्यवस्थेनेच पुढे यायला हवे. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे धोरण आणले. तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. महाराष्ट्रातही डिस्चार्ज कार्डावर डायपरची गरज नोंदवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते महिन्याला ठरावीक संख्येने द्यावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सॅनिटरी नॅपकिन २०१८ पासून करमुक्त आहेत, मग डायपरवर उरलेले ५ टक्के तरी का?

गावोगावची रुग्णसाहित्य केंद्रे खाट, व्हीलचेअर, वॉकर वापरायला देतात. ते साहित्य परत येते, डायपर येत नाही. म्हणूनच त्यासाठी वेगळा निधी लागतो. गणेश मंडळांनी आपल्या वस्तीतल्या दोन-तीन रुग्णांचा वर्षाचा खर्च उचलला, तरी तेवढ्या घरांतल्या माणसांना कोरड्या अंथरुणावर झोप मिळेल.