टेम्पररी कॅप ही टेम्पररीच असते, मंडळी!

आज रस्ता नाही, पाणी नाही, बिबट्या नाही आणि ऊसदरही नाही. आज दातांवर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. कासुर्डीपासून केडगाव-चौफुल्यापर्यंत असं एक घर दाखवा जिथं कुणाच्या दाढेत सिमेंट नाही, रूट कॅनाल नाही किंवा "कॅप बसवायची राहिलीय" असं म्हणणारं माणूस नाही.

ते "बसवायची राहिलीय" हाच आजचा विषय आहे.

गेल्या काही वर्षांत महामार्गाच्या कडेने दातांचे दवाखाने वाढले. चांगली गोष्ट आहे. पूर्वी दाढ दुखली की लवंग, तुरटी, नाहीतर थेट दाढ उपटणं एवढाच मार्ग होता. आता माणसं दाढ वाचवायला बघतात, रूट कॅनाल करून घेतात. पण रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, डॉक्टरांनी दाढ घासून वर तात्पुरती कॅप बसवली, की आपल्या लेखी काम संपलं. खरं काम तिथून पुढं असतं. आणि नेमके तिथंच आपले लोक गळतात.

आधी काम काय असतं ते साध्या भाषेत सांगतो, कारण खुर्चीत आडवं झाल्यावर कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

कॅप बसवायची तर दाढेला आधी जागा करावी लागते. म्हणून डॉक्टर दाढ चारी बाजूंनी आणि वरून घासतात. कॅप कशाची आहे त्यावर किती घासायचं ते ठरतं. धातूच्या कॅपला कमी, सिरॅमिकच्या कॅपला जास्त. चावायच्या बाजूने साधारण दीड ते दोन मिलिमीटर जातात. मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटेल, पण दाताचं वरचं कडक कवचच मुळात एवढंसं असतं. ते एकदा गेलं की परत येत नाही. नख वाढतं, केस वाढतात, घासलेला दात वाढत नाही. दात जिवंत असेल, म्हणजे रूट कॅनाल झालेलं नसेल, तर भुलीचं इंजेक्शन देऊनच हे काम करतात. घासून झालं की हिरडीच्या कडेला बारीक दोरा दाबून हिरडी जरा बाजूला करतात आणि माप घेतात. ते माप लॅबला जातं. तिथं कॅप तयार होऊन यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

मधल्या काळात ही घासलेली दाढ उघडी ठेवता येत नाही. म्हणून दाताच्या रंगाच्या अॅक्रिलिकची तात्पुरती कॅप तिथंच बनवतात आणि हलक्या सिमेंटने चिकटवतात. हे सिमेंट मुद्दाम कच्चं असतं, कारण पक्की कॅप आली की तात्पुरती सहज निघाली पाहिजे. म्हणजे जी वस्तू निघावी म्हणूनच बसवलेली असते, तिच्यावर आपण वर्ष-वर्ष ऊस खातो!

ही तात्पुरती कॅप तीन कामं करते. घासलेल्या दाढेला थंड-गरम झोंबू देत नाही आणि आत कीड शिरू देत नाही. शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकू देत नाही आणि समोरच्या जबड्यातला दात खाली उतरू देत नाही. तिसरं, हिरडी दाढेवर चढू देत नाही. म्हणजे ती राखणदार आहे. पण राखणदाराला दोन-तीन आठवड्यांसाठी ठेवलंय आणि आपण त्याच्या भरवशावर शेत वाऱ्यावर सोडून निघून जातो.

पुढं काय होतं? अॅक्रिलिक झिजतं. सिमेंट हळूहळू विरघळतं. फटीतून लाळ आणि अन्न आत जातं, वरून काहीच दिसत नाही. रूट कॅनाल झालेल्या दाढेतली नस काढलेली असते, त्यामुळं आत कीड लागली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपण खूश! आणि एक दिवस भाकरीचा कडक पापुद्रा चावताना दाढ उभी फुटते. मुळापर्यंत फुटली तर जगातला कुठलाच डॉक्टर ती वाचवू शकत नाही.

आपल्याच भागातल्या एका बाईंचं असं झालं. नाव सांगत नाही, दवाखान्याचंही सांगत नाही, कारण हा एका दवाखान्याचा प्रश्न नाही. बाई खुरपणीला जाणाऱ्या. दाढेचं रूट कॅनाल हप्त्या-हप्त्याने पैसे भरून केलं. दाढ घासली, टेम्पररी बसली, कॅपचे पैसे बाकी राहिले. त्यात मुलीची शाळा सुरू झाली, मग पाऊस लांबला, मग घरात लग्न निघालं. दुखत तर नव्हतं. काही महिन्यांनी टेम्पररी निघाली, ती त्यांनी चुलीपुढच्या कोनाड्यात ठेवून दिली. दिवाळीनंतर दाढ हिरडीखालून फुटली आणि काढावी लागली. म्हणजे रूट कॅनालचे पैसे गेले, येण्या-जाण्याचं भाडं गेलं, बुडालेली मजुरी गेली आणि दाढही गेली. त्या मला म्हणाल्या, "दादा, आधीच उपटली असती तर निदान पैसे तरी वाचले असते."

हे वाक्य मला फार लागलं. दाढ वाचवायला निघालेल्या माणसाला शेवटी असं वाटावं, यासारखी दुसरी हार नाही. शिवाय ही बाई चार जणींना हेच सांगणार, आणि त्या चौघी पुन्हा थेट उपटायलाच जाणार.

आता चूक कुणाची? आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते डॉक्टर लुटतात. दुसरी म्हणते पेशंटच अडाणी. मला दोन्ही पटत नाही.

डॉक्टरांची बाजू मी ऐकलीय. खुर्ची, मशीन, एक्स-रे, लॅबचं बिल, गाळ्याचं भाडं हे सगळं खरं आहे. लॅबचे पैसे त्यांना खिशातून द्यावे लागतात आणि कॅप तयार होऊन आली तरी पेशंट येत नाही, फोन उचलत नाही, हेही खरं आहे. पण डॉक्टरसाहेब, दाढेला मशीन लावण्याआधी पूर्ण खर्च सांगितला का? रूट कॅनाल इतके, घासणं आणि टेम्पररी इतके, पक्की कॅप इतके, असं कागदावर लिहून दिलं का? "आत्ता एवढे द्या, बाकीचं बघू" यातलं ते "बघू"च दाढेचा घात करतं. ज्या माणसाकडे पक्क्या कॅपचे पैसे नाहीत, त्याची दाढ घासायच्या आधी ते त्याला कळलं पाहिजे. घासल्यावर मागं फिरता येत नाही.

आणि आपण? आपण मोबाईल घेताना चार दुकानं फिरतो, वॉरंटी विचारतो. दात घासून घेताना एक प्रश्न विचारत नाही.

आता सरकारकडे येऊ, कारण पोस्ट त्याचसाठी आहे.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. सरकारी रुग्णालयांत दातांचे विभाग बळकट करायचे, हा त्याचा हेतू. २०२३ मध्ये राज्य सरकारने स्वच्छ मुख अभियान सुरू केलं आणि सचिन तेंडुलकर त्याचा चेहरा झाला. सगळं चांगलं आहे. दात घासा, तंबाखू सोडा, मिश्री सोडा हे सांगायलाच हवं. पण ज्याची दाढ आधीच घासून ठेवलीय, त्याला ब्रश कसा धरायचा ते सांगून काय उपयोग?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोठ्या उपचारांसाठी आहे. साधी दाढेची कॅप त्यात बसत नाही. खासगी आरोग्य विम्यातही अपघात सोडला तर दात बहुतेक वेळा बाहेरच. सरकारी दवाखान्यात दाढ काढून मिळते, सिमेंट भरून मिळतं. कॅपचं नाव काढलं की लॅबचा प्रश्न येतो आणि माणूस खासगीकडे वळतो. म्हणजे गरिबासाठी व्यवस्था काय सांगते? उपटायची असेल तर या, वाचवायची असेल तर पैसे आणा.

मग शिबिरं. फ्लेक्स लागतात, पाहुणे येतात, टूथपेस्टच्या छोट्या ट्यूबा वाटतात, फोटो निघतात. पण कॅपचं काम एका दिवसात होत नाही हो! एकदा घासायला आणि मापाला, दुसऱ्यांदा बसवायला, अशा किमान दोन खेपा लागतात. एक दिवसाच्या शिबिरात कॅप बसूच शकत नाही. शिबिरात दाढ तपासून "रूट कॅनाल करून घ्या" असा कागद हातात देणं म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा पत्ता देणं.

आपल्या शेजारी उरुळी कांचनला गांधीजी १९४६ साली आले आणि तिथं निसर्गोपचाराचं काम सुरू झालं. खेड्यातल्या गरिबाला परवडेल असा उपचार खेड्यातच मिळावा, ही त्यामागची कल्पना होती. ऐंशी वर्षं होत आली. आपल्या पट्ट्यात उसाला टनेज आलं, बंगले आले, चारचाकी आल्या. पण खुरपणीला जाणाऱ्या बाईला एक कॅप परवडत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली, दवाखान्यांकडे. टेम्पररी कॅप बसवली की पेशंटच्या हातात एक चिठ्ठी द्या. दाढ कोणती, घासली कधी, पक्की कॅप कधीपर्यंत बसलीच पाहिजे, किती पैसे आले आणि किती बाकी. मराठीत, मोठ्या अक्षरात. महिन्याने एक फोन करा. याला खर्च काहीच नाही.

दुसरी, आरोग्य विभागाकडे. तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयांसाठी एखाद्या लॅबशी करार करा आणि साधी धातूची कॅप ठरलेल्या, परवडणाऱ्या दरात द्या. झिर्कोनिया कुणी मागत नाहीये. मागच्या दाढेला धातूची कॅप उत्तम चालते आणि ती कुणाला दिसतही नाही.

तिसरी, पुण्यातल्या दंत महाविद्यालयांकडे आणि शिबिरं भरवणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांकडे. एका दिवसाचं शिबिर बंद करा. त्याच गावात पंधरा दिवसांनी पुन्हा या, काम पूर्ण करा, मग फोटो काढा. फोटोला मी स्वतः येईन.

आता तुमच्यासाठी. ज्यांच्या तोंडात आज टेम्पररी आहे त्यांनी चिक्की, तिळगूळ, च्युइंगम आणि ऊस त्या बाजूने खाऊ नये. आपल्याकडे गुऱ्हाळावर गेलं की काकवी-गुळाचा मोह आवरत नाही, पण चिकट गूळ ही कॅप अलगद उपटून काढतो. दात मात्र तिथंही रोज घासा. कॅप निघाली तर फेकू नका, डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत दवाखाना गाठा. फेविक्विकने चिकटवू नका. हसू नका, असे बहाद्दर मी पाहिलेत. डॉक्टरांच्या भिंतीवर दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. बाजारात पथारीवर बसून दात बसवणाऱ्यापासून लांब राहा.

आणि पोरांनो, रीलमधल्यासारखं पांढरंशुभ्र हसू पाहिजे म्हणून चांगले दात घासून कॅपा बसवायच्या मागं लागू नका. इंग्लंडहून लोक स्वस्तात हे करायला तुर्कस्तानला जातात आणि इंग्लंडमधले दंतवैद्य त्यांना धोक्याचे इशारे देऊन थकलेत. कॅप जन्मभर टिकत नाही, पुन्हा बदलावी लागते. विशीत घासलेले दात साठीपर्यंत पुरवायचेत.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. पण दाढा गेल्या की पोटही नीट भरत नाही. भाकरी दुधात कुस्करून खाणारी चाळिशीतली माणसं मी या भागात बघतोय, आणि ते वय नाही हो ते.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या तोंडात टेम्पररी किती महिने आहे, ते कमेंटमध्ये लिहा. नाव नको असेल तर मेसेज करा. आलेली सगळी उत्तरं एकत्र करून, नावं न देता, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदनासोबत देणार आहे. आणि जमलं तर उद्याच डॉक्टरांना फोन करून पक्क्या कॅपची तारीख घ्या.