कपात न होताही आटणारे निवृत्तिवेतन

अंबरनाथमधील एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन निवृत्त कामगारांची कल्पना करा. एक आयुध निर्माणीतून निवृत्त झाला, दुसरा औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या कारखान्यातून. दोघांनी आयुष्यभर पाळ्या केल्या आणि आज दोघे एकाच दुकानातून किराणा भरतात. पहिला केंद्र सरकारच्या जुन्या निवृत्तिवेतन पद्धतीतला असल्याने त्याला वर्षातून दोनदा महागाईनुसार वाढ मिळते. दुसऱ्याचे निवृत्तिवेतन मंजूर होताना ज्या आकड्यावर होते, त्याच आकड्यावर आजही उभे आहे. त्याच्या रकमेत कोणी कपात केलेली नाही, तरीही दरवर्षी तिच्यात कमी वस्तू येतात.

या दुसऱ्या निवृत्ताचा आधार म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झालेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिच्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या हिश्शातून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम वळवली जाते आणि केंद्र सरकार १.१६ टक्क्यांची भर घालते. निवृत्तिवेतन काढण्याचे सूत्र सोपे आहे : वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. मेख आहे ती वेतनाच्या कमाल मर्यादेत. ही मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती, ती २०१४ मध्ये १५ हजार झाली. २०१० मध्ये निवृत्त झालेल्या कामगाराची १९९५ नंतरची पंधरा वर्षांची सेवा धरली, तर तिचे निवृत्तिवेतन महिना सुमारे १,३९३ रुपये भरते. प्रत्यक्ष पगार मर्यादेहून कितीही अधिक असला, तरी बहुसंख्य कामगारांच्या बाबतीत हिशेब मर्यादेपाशीच थांबला. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाढीव वेतनावर निवृत्तिवेतनाचा पर्याय देण्याची आणखी एक संधी दिली खरी. पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देताच निवृत्त झालेल्यांना तिचा लाभ नाही.

या योजनेतील किमान निवृत्तिवेतन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये करण्यात आले. २०२५ पर्यंत त्यात एका रुपयाचीही वाढ झाली नाही. या काळात महागाई किती वाढली, हे सरकारच्याच मोजपट्टीने पाहता येते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जुलै २०१४ मध्ये १०७ टक्के होता. जानेवारी २०१६ मध्ये तो १२५ टक्क्यांवर असताना सातव्या वेतन आयोगाने मूळ वेतनात सामावून घेतला आणि पुन्हा शून्यापासून सुरू झालेला भत्ता जुलै २०२५ मध्ये ५८ टक्क्यांवर पोहोचला. हे तिन्ही आकडे जोडले, तर २०१४ च्या हजार रुपयांची बरोबरी करायला २०२५ मध्ये सुमारे १,७१७ रुपये लागतात. वेतन आयोगाने दिलेली वाढ यात धरलेली नाही. ही केवळ भाववाढीची भरपाई आहे. ती एका निवृत्ताला आपोआप मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही.

अमेरिकेत ज्येष्ठांच्या निवृत्तिवेतनाचा पाया १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने घातला आणि १९६५ मध्ये ‘मेडिकेअर’ ही आरोग्य योजना आली. १९७५ पासून तेथील निवृत्तिवेतन भाववाढीशी आपोआप जोडले गेले. त्यामुळे तेथे वाद होतो तो कपातीच्या शक्यतेवर, आणि तसा प्रस्ताव नुसता पुढे आला तरी ज्येष्ठ मतदार सावध होतो. आपल्याकडे मात्र कपातीचा प्रस्ताव मांडण्याची गरजच पडत नाही. निर्णय न घेणे हीच कपात ठरते, आणि न घेतलेल्या निर्णयाविरुद्ध संसदेत मतदान होत नाही.

कल्याणपलीकडच्या या तीन शहरांत हा प्रश्न घरोघरी आहे. धरमसी मोरारजी केमिकल आणि विमकोचा आगपेट्यांचा कारखाना यांनी अंबरनाथला कामगारांचे गाव केले. उल्हासनगरालगत शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. गिरण्या बंद पडल्यावर अनेक कुटुंबे परवडणाऱ्या घरांच्या शोधात बदलापूरपर्यंत आली. त्यांतील १९८२ च्या संपात नोकरी गमावलेल्या कामगाराच्या वाट्याला ही योजना आलीच नाही. त्या वेळी लागू असलेली १९७१ ची योजना कुटुंब निवृत्तिवेतनाची होती. कामगाराच्या पश्चात त्याच्या कुटुंबाला आधार देणारी. उल्हासनगरच्या गाळ्यांत शिलाई व इतर कामे करणाऱ्या असंख्य हातांची तर कुठल्याच निधीत नोंद नाही.

आरोग्याचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. राज्य कामगार विमा योजनेत निवृत्त कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार मिळवण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी किमान पाच वर्षे विमाधारक असणे आणि नियत वयाला किंवा स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडणे आवश्यक आहे. पन्नाशीच्या आत ज्याच्या कारखान्याला टाळे लागले, तो या व्याख्येत सहजी बसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्ह आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा दरमहाचा खर्च त्यात येत नाही. आणि हजार रुपयांचे निवृत्तिवेतन संपते ते याच गोळ्यांवर.

सरकारची अडचण खोटी आहे असे नाही. निवृत्तिवेतन निधीच्या वार्षिक मूल्यांकनात तूट दिसते आणि जमा रकमेच्या मानाने द्यायची रक्कम वाढवली, तर भार उद्याच्या निवृत्तांवर पडेल, हा युक्तिवाद दुर्लक्षिता येणार नाही. परंतु २०१३ मध्येच भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने किमान निवृत्तिवेतन तीन हजार करावे, अशी शिफारस केली होती. बुलडाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या साखळी उपोषणामागील मागणी साडेसात हजार रुपये, महागाई भत्ता आणि वैद्यकीय सुविधा अशी आहे. या आकड्यांवर वाटाघाट होऊ शकते. मूळ तत्त्वावर ती होऊ नये.

याच राज्यात श्रावणबाळ योजनेखाली निराधार वृद्धांना देण्यात येणारे साहाय्य २०२३ मध्ये दीड हजार रुपये झाले. ते योग्यच आहे आणि खरे तर अपुरेही. पण ज्याच्या नावावर वर्षानुवर्षे वर्गणी जमा झाली त्याला किमान हजार, आणि वर्गणीविना मिळणारे साहाय्य दीड हजार, हे व्यस्त प्रमाण योजनेवरचा विश्वासच पोखरते. आज निधीत पैसे भरणाऱ्या तरुण कामगाराने त्यातून कोणता धडा घ्यावा?

उपाय तीन आहेत. किमान निवृत्तिवेतनाला भाववाढीची कायद्याने जोड द्यावी. त्यासाठी लागणारी रक्कम निधीतून नव्हे, तर केंद्राच्या अर्थसंकल्पातून यावी. बंद कारखान्यांतील कामगारांना विमा योजनेच्या १२० रुपयांच्या सवलतीत स्पष्टपणे सामावून घ्यावे. आणि नित्याची औषधे पालिकांच्या दवाखान्यांतून ज्येष्ठांना मोफत मिळावीत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्याखालील योजना नव्याने घडवताना पहिले दोन बदल करण्याची संधी आहे.

आयुध निर्माणीतील निवृत्ताचे काढून दुसऱ्याला द्या, असे येथे कोणी म्हणत नाही. भाववाढ दोघांच्याही दारात सारखीच येते. त्यांपैकी एकालाच तिची भरपाई का, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.