जुन्या बंदुकीला चिंच लावण्याआधी

जुन्या बाजारातून किंवा वाड्याच्या माळ्यावरून गारेची बंदूक हाती आली की बहुतेकांना आधी पॉलिश पेपर आणि चिंच आठवते. नळी घासायची, पितळ उजळायचे, दस्त्याला व्हार्निश मारायचे आणि ती दिवाणखान्यात टांगायची. बंदूक कोणती हे कळण्याआधी असे करणे म्हणजे जुना कागद वाचायच्या आधीच धुऊन काढणे, असे माझे स्पष्ट मत आहे. विकणारा तिला सर्रास ‘रायफल’ म्हणतो. नळी भरलेली नाही याची गज घालून खात्री केल्यावर आत टॉर्च मारावा. पिळाच्या खाचा नसतील तर ती रायफल नव्हेच. ब्रिटिश सैन्याने 1800 च्या सुमारास घेतलेल्या बेकर रायफलीत अशा सात खाचा आणि 30 इंचांची नळी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांकडची नेहमीच्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत आणि 39 इंची.

यापुढची ओळख मात्र पृष्ठभागावरच असते. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिच्यावर कंपनीची हृदयाच्या आकाराची मुद्रा किंवा नंतरच्या काळातला मुकुट धरलेला सिंह आणि बऱ्याचदा कारागिराचे नाव व साल सापडते. नळीच्या मागच्या टोकाला चाचणीचे ठसे असतात. हे सगळे इतके उथळ असते की दोनदा घासले तरी अक्षर जाते. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अनेक गारेच्या बंदुका टोपीच्या करून घेतल्या गेल्या आणि पुढे काही विक्रेत्यांनी भाव वाढावा म्हणून त्या पुन्हा गारेच्या केल्या. बुजवलेली भोके आणि भरून काढलेले रंजकाचे छिद्र ही उलटापालट दाखवून देतात, पण ती दिसतात जुन्या तपकिरी थरामुळेच. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला युरोपीय धर्तीच्या बंदुका घडत. तशी एखादी आज कुणाच्या हाती लागली, तर तिला विलायती बंदुकीपासून वेगळे काढायला कानशीच्या खुणांचा आणि हाताच्या घडणीचा आधार घ्यावा लागेल. बफिंगच्या चाकाखाली नेमके तेच नाहीसे होते.

गंज तसाच ठेवला तर लोखंड खाईल, हा आक्षेप खरा आहे. पण लालसर, बोटाला लागणारा गंज थांबवायला पातळ तेल, मऊ फडके आणि सबुरी पुरते. घट्ट बसलेल्या काळपट थराला हात लावू नये. बार उडाला तरच ती बंदूक, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी 1959 चा शस्त्र कायदा पाहावा. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशाच जुन्या हत्याराला त्यात सूट आहे. शिवाय जुनी नळी फुटण्याचा धोका आहेच. वस्तू माझी, मी काहीही करीन, हे म्हणणे मला सर्वांत कमकुवत वाटते. शंभर वर्षे जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी मालकाला ती परदेशी नेता येत नाही. मालकीला मर्यादा आहे हे कायद्यानेच मानले आहे. एखादा स्क्रू किंवा स्प्रिंग बदलणे भागच पडले तर आधी फोटो काढावा, आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून बंदुकीसोबतच ठेवावा.