आईच्या नावाचा रकाना

दहावीच्या वर्गाची वर्गशिक्षिका झालं की दिवाळीच्या आसपासचे दिवस शिकवण्यात कमी आणि रकाने भरण्यात जास्त जातात. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, पेन क्रमांक, अपार आयडी. पूर्वी हे सगळं जनरल रजिस्टरमध्ये एकदा शाईनं लिहिलं की संपत असे. आता तेच नाव युडायस प्लसवर, तेच आधारवर, तेच बोर्डाच्या अर्जावर, आणि सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखं हवं.

आपल्या घरांत ही अडचण जरा जास्तच असते, हे मी वेगळं सांगायला नको. माझ्याच वर्गात एका कुटुंबातला थोरला भाऊ रजिस्टरला ‘मुलाणी’ आहे आणि धाकटी बहीण ‘शेख’. का, तर नाव घालायला एकदा अब्बा आले होते आणि एकदा मामू. शेखचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कार्डावर निराळं. कुणी एच-ए-आय लिहितं, कुणी एच-ई-आय. मेहबूबची मी आजवर पाच स्पेलिंगं पाहिली आहेत, आणि पाचही माणसं आपलंच बरोबर म्हणून सांगतात!

गेल्या वर्षी बेचाळीस मुलांची यादी मी घरी बसून ऑनलाइन तक्त्यात केली. नावं मराठीत होती, इंग्रजीत हवी होती. आठवीतल्या माझ्या मुलानं सांगितलं, “अम्मी, एकेक कशाला टाइप करतेस? भाषांतराचा फॉर्म्युला टाक.” टाकला. एका क्षणात सगळी यादी इंग्रजीत आली. मी खूश! मग बारकाईनं पाहिलं तर हिना चांद शेख या मुलीच्या वडिलांचा इंग्रजीत ‘मून’ झाला होता आणि एका सागरचा ‘ओशन’. आम्ही मायलेक पोट धरून हसलो. हसत हसत सगळी नावं हातानं दुरुस्त केली. अशी चूक बरी असते, ती लांबूनच दिसते.

दुसरी दिसली नाही.

आईच्या नावाचा रकाना मी नंतर जोडला होता आणि तो जोडताना मध्ये एक रकाना मोकळा राहिला होता. रात्री अकराच्या सुमाराला वाटलं, यादी आडनावाच्या क्रमानं लावावी. सॉर्ट केलं. मोकळ्या रकान्याच्या अलीकडचं सगळं हललं, मुलांची नावं, तारखा, आधार, सगळं नव्या क्रमानं लागलं. पलीकडची आयांची नावं मात्र जुन्याच क्रमानं बसून राहिली. स्क्रीनवर यादी सुबक दिसत होती. एकही चौकट रिकामी नव्हती, कुठे लाल खूण नव्हती. संगणकाच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नव्हती. तीच यादी मी लिपिकांकडे दिली आणि त्यांनी त्यावरून भरली.

अर्ज भरून झाले की शाळेला प्री-लिस्ट मिळते. त्यावर प्रत्येक विद्यार्थ्यानं आपली माहिती तपासून सही करायची असते. दुपारच्या सुट्टीनंतर मी ती वर्गात फिरवली. मुलं भराभर सह्या करत होती. (पंधरा वर्षांच्या मुलाला सही करायला मिळाली की तो काय लिहिलंय ते वाचत नाही, फक्त सही कशी दिसते ते पाहतो.) अठ्ठावीस-तीस सह्या झाल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा हसत ओरडला, “मॅडम, माझी आई बदलली!”

वर्ग हसला. माझ्या पोटात गोळा आला. कागद परत घेतला आणि वरपासून पाहत गेले. मोजकी नावं योगायोगानं जुळत होती, बाकी सगळ्या आया चुकीच्या घरी.

तास संपल्यावर सही केलेल्यांना एकेक करून बोलावलं. बहुतेकांचं उत्तर एकच, “बघितलंच नाही, मॅडम.” एका मुलीचं उत्तर निराळं होतं. तिचं नाव इथे लिहीत नाही. ती पाचवीत असताना तिची आई वारली. वडील कामानिमित्त बाहेरगावी असतात, तिला दादीनं वाढवलं. अभ्यासात बरी, बोलायला कमी. तिनं चूक पाहिली होती, वाचून सही केली होती.

“मग बोलली का नाहीस?”

ती खाली पाहत म्हणाली, “मला वाटलं, गेलेल्या आईचं नाव ऑनलाइनमध्ये घेत नसतील.”

मला काही सुचेना. मी तिला इतकंच म्हटलं की असं काही नसतं, चूक माझी आहे. ती मान हलवून गेली. बरोबर म्हणाली नाही, चूक म्हणाली नाही.

त्या रात्री मी आणि माझा मुलगा पुन्हा त्या तक्त्यासमोर बसलो. तो मला रागावला, आणि त्याचा तो हक्कच होता. “अम्मी, सॉर्ट करायच्या आधी सगळा तक्ता निवडायचा असतो. आणि मध्ये मोकळा रकाना कधी ठेवायचा नाही.” मग त्यानं फाइल मेनूमधली व्हर्जन हिस्टरी उघडून दाखवली. आदल्या प्रत्येक बदलाच्या वेळची यादी तिथे तशीच ठेवलेली असते. सॉर्ट करण्यापूर्वीची यादी सापडली. आयांची नावं आपापल्या लेकरांसमोर होती. तरी या वेळी मी फॉर्म्युल्यावर आणि हिस्टरीवर काही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी जनरल रजिस्टर काढलं, एका सहशिक्षिकेनं नावं मोठ्यानं वाचली आणि मी एकेका नावापुढे पेन्सिलीनं टिंब दिलं. दोन तास लागले.

आता मी प्री-लिस्ट वर्गात फिरवत नाही. प्रत्येक मुलाला त्याची माहिती लिहिलेली चिठ्ठी घरी देते, मराठीत आणि इंग्रजीत, आणि घरातल्या मोठ्यांची सही आणायला सांगते. तुमच्या घरी यंदा दहावीचं मूल असेल आणि अशी चिठ्ठी येत नसेल, तर शाळेत जाऊन मागा. आधार कार्ड, जन्मदाखला शेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहा. नाव कुठे वेगळं असेल तर मूल शाळेत असेपर्यंतच दुरुस्तीचं बघा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर रजिस्टरातलं नाव बदलणं फार कठीण जातं, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव पुढे पासपोर्टपर्यंत सोबत येतं. आईचं नावही त्याच प्रमाणपत्रावर असतं. 1 मे 2014 नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर राज्य सरकारनं मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रमच ठरवून दिला आहे. तेव्हा घरातल्या आयांनो, तुमच्या नावाचं स्पेलिंग तुम्हीच पाहा. नवऱ्यावर सोपवू नका.

त्या मुलीकडे अजून एक काम राहिलं होतं. रजिस्टरात आईचं नाव फक्त मराठीत होतं, शहनाज. इंग्रजी स्पेलिंगसाठी मी तिला घरून काही कागद मिळतो का ते बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच ती स्टाफरूमच्या दारात उभी होती. दादीच्या पेटीतून आईचं आधार कार्ड आणलं होतं, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. फोटो पुसट झाला होता, नाव नीट दिसत होतं.

मी माझ्या मनानं शेवटी झेड धरला होता. कार्डावर जे होता.

“मॅडम, कुठलं बरोबर?” तिनं विचारलं.

“हे,” मी कार्ड दाखवून म्हटलं, आणि तिच्यासमोरच जे टाकला.