नाताळचे ताट आणि त्याचा हिशेब

डिसेंबर उजाडला की आपल्या शहरांतील दुकानांच्या काचांमागे कापसाचा बर्फ पडू लागतो. बाहेर रस्त्यावर घामाघूम झालेला माणूस उसाचा रस पीत उभा असतो, हा भाग वेगळा. तांबड्या डगल्यातील सांताक्लॉज शाळेत येतो, बँकेत येतो, आणि आता महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षातही येऊ लागला आहे. चिठ्ठ्या टाकावयाच्या आणि ज्याचे नाव निघेल त्याला ठरलेल्या रकमेच्या आतील भेटवस्तू द्यावयाची, असा हा खेळ असतो. प्रस्तुत लेखकाला गतवर्षी लाभलेले पेन ठेवण्याचे पात्र अद्याप वेष्टनासह कपाटात विराजमान आहे.

ह्या कपाटातील पात्राची दखल अर्थशास्त्राने केव्हाच घेतलेली आहे. जोएल वॉल्डफोगेल ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना नाताळच्या भेटींविषयी प्रश्न विचारून असा निष्कर्ष काढला की, देणाराने मोजलेल्या किमतीच्या मानाने घेणाराच्या लेखी त्या वस्तूचे मोल दहा टक्क्यांपासून एकतृतीयांशापर्यंत कमी भरते. उरलेला पैसा कोणाच्याच पदरी पडत नाही. तो निव्वळ वाया जातो. हा निबंध वर्गात सांगितला की विद्यार्थी मनमुराद हसतात. एका वर्षी मात्र वसईहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, आमच्या घरून नाताळला शेजारी ताट जातं, त्यातलं किती वाया जातं?"

प्रश्न साधा होता. उत्तर साधे नव्हते.

वसईचा नाताळ हा काचेमागचा नाताळ नव्हे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली तरी श्रद्धा राहिली, आणि श्रद्धा बदललेली असूनही बोली मात्र मूळचीच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेतील लॅटिन मागे पडून तेथे मराठी आली. ह्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ह्या समाजात नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे मनाच्या तयारीचे असतात. अंगणात पेंढा पसरून गोठा उभारावयाचा, आकाशकंदील टांगावयाचा, आणि चोवीस तारखेच्या रात्री सहकुटुंब मिस्सेला जावयाचे. येशूच्या जन्माचा देखावा गोठ्यात मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस ऑफ असिसी ह्यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी रूढ केली असे मानतात. पण गाय, गवत आणि बाळंतीण हे दृश्य मराठी माणसाला कोणी इटलीहून येऊन समजावून सांगावे लागत नाही.

आणि ते ताट! त्यात नेवरी असते. ती दिवाळीच्या करंजीची सख्खी बहीणच होय. कुलकुल असतात. पिठाची गोळी काट्याच्या किंवा कोऱ्या कंगव्याच्या पाठीवर दाबून वळावयाची आणि तळावयाची. हे काम एकट्याने उरकण्याचे नव्हे. सारे घर सतरंजीवर गोल बसते. विद्यार्थिनीने सांगितले की, शेजारच्या शाकाहारी घरासाठी तिची आजी अंडे न घातलेले पदार्थ निराळे करते आणि तेही आधी, स्वच्छ भांड्यांत. बाजारातील कोणती भेट घेणाराची एवढी माहिती बाळगते? खुद्द वॉल्डफोगेललाही असेच आढळले होते की, मित्र व जिवलगांनी दिलेल्या भेटींचे मोल कमी घटते.

ताटाचा दुसरा नियम असा की ते रिकामे परतत नाही. दिवाळीला फराळ गेलेला असतो, नाताळला नेवऱ्या येतात, आणि त्या ताटातून निदान मूठभर साखर तरी परत जाते. व्यापारी पाडव्याला नवी वही घालतो. येथे मात्र खाते कधीच मिटवावयाचे नसते. देणे, घेणे आणि फेडणे ह्या तीन बंधनांनी माणसे परस्परांशी बांधली जातात, हे मार्सेल मोस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली सविस्तर मांडले. वसईच्या वाड्यांना ते न वाचताच ठाऊक होते.

ह्यावर गहिवर काढण्याचे मात्र कारण नाही. त्या ताटामागील श्रम प्रायः स्त्रियांचे असतात आणि राष्ट्रीय उत्पन्नात त्यांची नोंद होत नाही. पहाटेची लोकल गाठणाऱ्या सुनेने कुलकुल विकत आणले तर तिला बोल लावणाऱ्याने आधी स्वतः पीठ मळावे. विकतचे कुलकुलही शेजारी जाऊ शकतात. तेव्हा ताट थांबते ते वेळ नाही म्हणून नव्हे. वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या, समोरच्या दारावरील पाटीपलीकडे कोण राहते हे ठाऊक नाही, आणि त्यात अलीकडे 'त्यांचा सण आपण का करावा?' असा सवाल ऐकू येतो. वस्तुतः नेवरी खाल्ल्याने कोणी मिस्सेला गेला असे होत नाही, जसे करंजी खाल्ल्याने कोणी लक्ष्मीपूजनाला बसत नाही. सण ज्याचा त्याचाच राहतो, म्हणून तर ताट ह्या दारातून त्या दारात नेता येते. हा सवाल करणारी माणसे आपल्या मुलाच्या डोक्यावर दुकानातील तांबडी टोपी बिनदिक्कत चढवितात, ह्याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

त्या विद्यार्थिनीचे कुटुंब दोन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत राहावयास गेले. पहिल्याच नाताळला आजीने समोरच्या घरी ताट पाठविले. दार उघडले, हसून आभार मानले गेले, आणि पाच मिनिटांत ताट परत आले, घासून पुसून लख्ख आणि रिकामे. त्यांच्या मनात काही वावगे नसावे. दुसऱ्याचे भांडे ठेवून घेऊ नये एवढीच रीत त्यांना ठाऊक असावी. आजी मात्र बराच वेळ ते ताट हातात धरून बसली होती.

यंदा आजीने नारळ आणावयास सांगितले आहेत. नेवऱ्यांच्या संख्येत समोरच्या घराचा वाटा तिने धरला आहे, आणि तो अंड्याविना.