आधी शेजार, मग कॅमेरा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपत आली की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : बंद फ्लॅटचे कुलूप तोडून लाखोंचा ऐवज लंपास. कधी कोथरूड, कधी सहकारनगर, कधी धनकवडी, मजकूर तोच. पाठोपाठ त्या सोसायटीत तातडीची सभा भरते. आणखी चार कॅमेरे बसवायचे ठरते, गेटवर नवी नोंदवही येते, फेरीवाल्यांना मज्जाव होतो. समोरच्या दारातल्या माणसांना हे कुटुंब गावाला गेल्याचा पत्ताच नव्हता, हा विषय मात्र सभेत निघत नाही. मला त्याच विषयावर बोलायचे आहे. परक्याला बाहेर ठेवले की वस्ती सुरक्षित झाली, असे आपण धरून चाललो आहोत. माझ्या मते सुरुवात आपल्याच जिन्यातल्या ओळखीपासून व्हायला हवी.

१. घरफोडी करणाऱ्याला रिकामे घर हवे असते. कुणाशी गाठ पडणे त्याला नको असते, म्हणून तो आधी खुणा पाहून जातो : दाराशी साचलेली वर्तमानपत्रे, कडीला लोंबणारी दुधाची पिशवी, भर दुपारी जळत राहिलेला दारावरचा दिवा, आणि सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे बाहेरून लटकणारे कुलूप. जुन्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींत कोयंडा अजून लाकडी चौकटीत चार स्क्रूंवर उभा असतो. कटावणीचा एक हिसका पुरतो. महागडे कुलूप शाबूत राहते आणि कोयंडा निघून येतो. तेव्हा कुलपाआधी कोयंडा बदला, तो आरपार नटबोल्टने बसवा. जमेल त्यांनी दारातच बसणारे लॅच लावावे, म्हणजे आत माणूस आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

बाकीच्या खुणा पुसायला शेजारीच लागतो. पेपर उचलणे, तिन्हीसांजेला दिवा लावणे, सकाळी मालवणे, एकाआड एक दिवस दार उघडून आत नजर टाकणे. वाड्यांत हे कुणाला सांगावे लागत नसे. आता सांगावे लागते, तर सांगू या. गावाला निघाल्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकण्यापेक्षा समोरच्या दाराची बेल वाजवून ‘काकू, आठ दिवस नाही आहोत, लक्ष ठेवा’ एवढे म्हणणे जास्त उपयोगाचे आहे. फोटो परत आल्यावर टाकता येतात.

२. लग्नासाठी लॉकरमधून काढलेले दागिने लग्न उरकले की परत ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार लॉकरमधला ऐवज चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. सोन्याच्या आजच्या भावात ही रक्कम अपुरीच आहे, तरी घरच्या कपाटापेक्षा लॉकर बरा. पावत्या आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो जपून ठेवा. चोर सापडून मुद्देमाल मिळाला, तरी ‘हे माझेच’ हे दाखवता आले नाही तर तो सोडवून घेताना जीव मेटाकुटीला येतो.

३. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण रात्री दोन वाजता गेटवरच्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखू येतो का, हे तुमच्या सोसायटीत कुणी कधी पाहिले आहे? बहुतेक ठिकाणी कॅमेरा इतका उंच टांगलेला असतो की त्यात फक्त टोपी दिसते. समोरून दिव्याचा झोत आला की चेहरा काळा पडतो आणि गाडीचा नंबर पांढराफटक होतो. घड्याळ तासभर मागे असते, म्हणजे पोलिसांनी नेमके कोणते चित्रण पाहायचे तेही कळत नाही. आणि सगळे साठवणारा डीव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये उघड्यावर असतो. सराईत चोर जाताना तोच उचलून नेतात.

म्हणून नवीन चार घेण्याआधी असलेले दोन नीट करा. एक कॅमेरा माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीला आणा. डीव्हीआर कुलूपबंद कपाटात ठेवा. किती दिवसांचे चित्रण टिकते ते विचारून घ्या. महिन्यातून एकदा रात्री तपासणी करण्याची जबाबदारी एका सभासदावर नावानिशी द्या. चित्रण पुरावा म्हणून कोर्टात चालायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते; ते कोण देणार हेही आधीच ठरलेले असावे. नाहीतर चोरीनंतर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. आणि एक विनंती : कॅमेरा शेजाऱ्याच्या दारावर रोखू नका. त्यातून फक्त भांडणे होतात.

४. वॉचमनबद्दल आपण अन्यायाने वागतो. त्याने रात्रभर डोळ्यांत तेल घालून जागावे अशी अपेक्षा, आणि पाळी बारा तासांची. दुसरा आला नाही तर सलग चोवीस. पंप तोच चालू करतो, पहाटे गाड्याही तोच धुतो, आणि कित्येक ठिकाणी त्याला स्वच्छतागृहही नसते. सगळ्यांत कमी दराची एजन्सी निवडायची आणि मग तो झोपला म्हणून त्याला काढायचे, हे चक्र थांबायला हवे. खासगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे, त्याखालची सुरक्षारक्षक मंडळे आहेत. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने एजन्सीला परवाना आणि रक्षकाला प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. एजन्सीकडे परवाना मागा, रक्षकाला प्रशिक्षण मिळाले आहे का ते विचारा. आठ तासांची पाळी लावा. चांगली बॅटरी, शिट्टी, रेनकोट आणि पोलिस चौकीचा नंबर त्याच्या हाताशी हवा. त्याचे नाव तर प्रत्येक घराला माहीत असायलाच हवे.

५. आता सगळ्यांत अवघड मुद्दा : संशय. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला द्यावी, करार रीतसर नोंदवावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ही नोंदणी घरमालकावर बंधनकारकच आहे. घरकामाला येणाऱ्या बाईंचा फोटो आणि पत्ता घेण्यातही काही गैर नाही, तो सन्मानाने घेतला तर. पण रोज संध्याकाळी गेटवर तिची पिशवी उघडायला लावणे, घरात काही सापडेना की पहिले बोट तिच्याकडे दाखवणे, याला सुरक्षा म्हणता येणार नाही. शिवाय ती दहा घरांत जाते. कुणाच्या दारात दोन दिवस पेपर पडून आहे, कोणत्या आजी आज दार उघडत नाहीत, हे सगळ्यांत आधी तिला कळते. तिला अपमानित करून आपण वस्तीतली सर्वांत जाणती व्यक्ती गमावतो.

संशयाला जमाव मिळाला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. टाळेबंदीचे दिवस होते, चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या, गावकरी रात्री पहारा देत होते. म्हणजे सुरक्षेसाठी उभी राहिलेली माणसेच मारेकरी झाली. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण जन्मावरून चोर ठरवण्याची सवय आपल्या मनातून गेलेली नाही. पारधी कुटुंबे आजही ती सोसतात.

म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ‘संशयित महिला, फोटो सर्वांना पाठवा’ असा मजकूर आला तर तो तिथेच थांबवा. खरोखर शंका असेल तर ११२ ला फोन करा. डोळ्यांदेखत चोरी करताना कुणाला पकडलेच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचे असते. मारहाणीचा अधिकार कुणालाही नाही. बांधून ठेवून व्हिडिओ काढण्याचाही नाही.

६. पोलिसांशी ओळख चोरीच्या आधी हवी. आपल्या भागाची चौकी कोणती, बीटवर कोण अंमलदार आहे, त्यांचा मोबाइल नंबर काय, हे जिन्याच्या फलकावर लिहिलेले असावे. सुट्टीच्या आधी कमिटीने ठाण्यात जाऊन, कोणत्या इमारतींत घरे बंद राहणार आहेत ते सांगावे. बीट मार्शलची फेरी तिकडे वळवता येते.

ओळख ठेवायची म्हणजे हक्क सोडायचे असे नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर नोंदवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. २०१३ च्या ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. हद्द कुणाचीही असली तरी ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. मोबाइल हिसकावून नेला असताना ‘गहाळ’ अशी तक्रार लिहून देऊ नका. हिसकावून चोरी हा भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली आता स्वतंत्र गुन्हा आहे. आपण ‘गहाळ’ लिहिले की त्या रस्त्यावर चोऱ्या होतात हे कागदावर येत नाही, आणि मग तिथे गस्तही वाढत नाही.

चौकीत माणूस आहे का, हेही नागरिकांनी पाहिले पाहिजे. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा तिला वाचवले ते स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी. जवळच्या चौकीत त्या वेळी पोलिस नव्हते, आणि त्याबद्दल पुढे कारवाईही झाली. हल्लेखोर तिच्या ओळखीचाच होता. गेटवरची नोंदवही अशा वेळी काय करणार? एखादी मुलगी ‘तो माझा पाठलाग करतो’ असे सांगते, तेव्हा ते गंभीरपणे ऐकून तिच्यासोबत ठाण्यात जाणारा शेजारी उपयोगी पडतो.

७. वस्तीत एकटी राहणारी वयस्कर माणसे हा माझ्या काळजीचा खास विषय आहे. पुण्यात अशी शेकडो घरे आहेत जिथे मुले परदेशात आणि आई-वडील तिसऱ्या मजल्यावर. त्यांना फसवण्याची जुनी पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी फिरायला निघालेल्या आजींना दोघे जण गाठतात : ‘आम्ही पोलिस आहोत, पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा.’ घरी येऊन गाठ सोडली की आत खडे. नवी पद्धत म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे ठाण्यासारखी खोली, ‘तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, खोलीबाहेर जाऊ नका, कुणाशी बोलू नका.’ आणि आयुष्यभराची पुंजी दोन दिवसांत भलत्याच खात्यात जाते.

दोन्हींची युक्ती एकच आहे : माणसाला घाबरवायचे आणि विचारायला कुणी मिळणार नाही असे पाहायचे. म्हणून उपायही तिथेच आहे. पोलिस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाहीत. डिजिटल अरेस्ट असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. हे पाठ करून घ्याच, पण भीतीच्या क्षणी पाठ केलेले आठवत नाही. त्यासाठी प्रत्येक एकट्या ज्येष्ठ व्यक्तीमागे एक शेजारी ठरवून द्यावा आणि एकच नियम करावा : पैसे पाठवण्याआधी त्याच्या दाराची बेल वाजवायची, मग रात्रीचे बारा वाजले असले तरी. फसवणूक झालीच तर लाज बाळगू नका, लगेच १९३० वर कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येतात. घरातल्या तरुणांनी अशा वेळी ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात’ असे कधीही म्हणू नये. त्या बोलण्याच्या धाकानेच तक्रार करायला उशीर होतो.

८. गेली काही वर्षे पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणे, रात्री उभ्या गाड्यांच्या काचा फोडणे, असे प्रकार वाढले. पकडलेल्यांत कित्येकदा अल्पवयीन मुले निघतात, तीही त्याच भागातली. त्यांना बाहेर ठेवायला कोणते गेट बांधणार? शाळा सुटलेली, दिवसभर टपरीवर बसलेली, कुणा ‘भाई’च्या वाढदिवसाला फलकावर झळकलेली ही मुले आपण रोज पाहतो. त्यांना नावाने हाक मारणारे, तालमीत किंवा गणेश मंडळाच्या ढोल पथकात घेणारे, रात्रशाळेत नेऊन बसवणारे कुणी असेल तर त्यातली काही परत फिरतात. गणेश मंडळांनी वर्षाचे उरलेले अकरा महिने हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. जागा, पैसा आणि मुलांची ओळख, तिन्ही त्यांच्याकडे आहे.

९. हे सगळे स्वप्नरंजन आहे असे वाटणाऱ्यांनी भिवंडीकडे पाहावे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले ते शहर. १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसे, दोन्ही धर्मांची, नियमाने पोलिसांसोबत एकत्र बसू लागली. नळाचे भांडण असो की लाउडस्पीकरचे, ते तिथेच बोलले जाऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : त्या बैठका संकट आल्यावर सुरू झाल्या नाहीत, त्या आधीपासून चालू होत्या.

१०. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर घेण्यासाठी मी लिहिलेला ठराव असा आहे. ज्याला हवा त्याने तो जसाच्या तसा उचलावा. ‘प्रत्येक मजल्यावरील सर्व घरांचे फोन नंबर आणि रक्तगट एकमेकांकडे असतील. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सोबतीचा शेजारी पंधरा दिवसांत ठरवला जाईल, त्याचे नाव ज्येष्ठांच्या मुलांनाही कळवले जाईल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी, ११२ आणि १९३० हे नंबर लिफ्टमध्ये किंवा जिन्यात मोठ्या अक्षरांत लावले जातील. वॉचमन आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय दिवाळीपूर्वी होईल. दर तीन महिन्यांनी बीट अंमलदारांना बैठकीला बोलावले जाईल, आणि त्या बैठकीला वॉचमन, घरकाम करणाऱ्या बायका व कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही असेल. नव्या कॅमेऱ्यांच्या खरेदीचा विषय त्यानंतरच्या सभेत घेतला जाईल.’